मृदंगाचं मूळ, नटबोल्टाचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. या यादीत जुन्या मृदंगाची भर घालायला हरकत नसावी. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात बेला, जैनथ, तामसी या पट्ट्यात मराठी बोलणारी, एकादशी धरणारी, सप्ताह घालणारी गावं आहेत. तिथल्या भजनी मंडळाचा मृदंग 'आजोबांच्या वेळचा' असतो, निदान तसं सांगितलं तरी जातं. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून गप्प बसावं, हे उत्तम. चौकशी केली तर पंचाईत होते. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं? ती मागच्या सप्ताहाला नवी घातली. पुडीच्या काठाचा गजरा? तो पुडीबरोबरच आला. ताण देणारी चामड्याची वादी? ती कुजली होती, म्हणून आता नायलॉनची दोरी. गठ्ठे? काही हरवले, काही उंदरांनी चाखले, सुताराने सागाचे नवे तासून दिले. मग आजोबांच्या वेळचं राहिलं काय? खोड राहिलं आणि खोडाच्या आतली पोकळी राहिली. पैकी खोडाला एकदा भेग पडून ती लाकडाच्या भुशाने आणि डिंकाने बुजवलेली आहे. पोकळी मात्र शंभर टक्के मूळ.

यावर हसणं सोपं आहे, पण त्या गावकऱ्याचं बोलणं खोटं नाही, असं माझं मत आहे. जुनं वाद्य दुरुस्त करताना त्याला मूळचाच भाग बसवावा, मूळच्याबरहुकूम घडवलेला नवा बसवावा, की बसेल तो कामचलाऊ बसवावा, या प्रश्नावर माणसं जितकं भांडतात तितकी त्या प्रश्नाची लायकी नाही. नवा भाग उद्या काढता येईल का आणि तो काढून पुन्हा चढवणारा माणूस पंचक्रोशीत शिल्लक आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरं होकारार्थी असतील तर नायलॉनलाही माझा नमस्कार आहे. नकारार्थी असतील तर अस्सल चामड्याची वादीसुद्धा नुसती शोभेची.

या भांडणाचं माहेर अमेरिकेत आणि युरोपात आहे. तिथे जुने ड्रम जमवणाऱ्यांचा एक पंथच आहे आणि त्याचं सोवळं कडक आहे. विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागोत कंपनी काढली, पुढे रिंगो स्टार तिचा ड्रम वाजवायला लागला आणि त्या नावाला सोन्याचा भाव आला. अशा ड्रमची पारख करणारा गृहस्थ आधी वाकून स्क्रू बघतो. कडं त्याच साली घडवलेलं आहे का, ताणाच्या सळ्या त्याच घडणीच्या आहेत का, कंपनीचा बिल्ला उखडून परत तर चिकटवलेला नाही ना, असं सगळं पाहून होतं. एखादी सळी हरवली असेल तर जुन्या नमुन्यावरून नवी करून देणारे कारखाने आहेत आणि ती नवी सळी फार नवी दिसू नये अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. काठी जिथे पडते त्या पानाबद्दल मात्र हा गृहस्थ चकार शब्द काढत नाही. पूर्वी ते वासराच्या कातड्याचं असे. १९५७ मध्ये रेमो बेली यांनी मायलारचं, म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याचं पान बाजारात आणलं आणि काही वर्षांत कातडं हद्दपार झालं. त्यामुळे १९२५ सालचा ड्रम प्लास्टिकच्या पानासकट अस्सल ठरतो, त्याचा स्क्रू मात्र १९२५ चाच हवा. घोडा कुठलाही चालेल, नाल तीच पाहिजे.

आदिलाबादचा मृदंगवाला याच्या बरोबर उलट्या टोकाला बसलेला आहे आणि माझ्या मते शास्त्र त्याच्या बाजूचं आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल मिळालं ते प्रकाशासाठी, १९३० मध्ये, पण त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 'नेचर'मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर टिपण लिहिलं होतं आणि १९३४ मध्ये तोच विषय पुन्हा सविस्तर मांडला. त्यांच्या सांगण्याचं सार असं, की नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराच्या सरळ पटीत बसत नाहीत, म्हणून 'धप्' ऐकू येतं. मधोमध शाईचं वजन चढवलं की ते उनाड सूर रांगेत येतात आणि 'धप्'चा 'ता' होतो. म्हणजे मृदंगाची विद्या आहे ती लोहचूर्ण आणि भाताची खळ थरावर थर घोटून चढवणाऱ्या हातात. ताणाचं काम त्या मानाने हमालीचं. ताण दुप्पट केला तरी सूर दुप्पट चढत नाही, १.४१ पटच चढतो, आणि तो ताण बैलाच्या कातड्याने दिला, नायलॉनने दिला की पोलादाने, हे पुडी विचारत नाही. सुटे भाग पवित्र आणि पान फुटकळ मानणारा संग्राहक हा हमालाच्या पायाला हात लावून मालकाला दारात उभं करतो आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो देवळातूनच येतो. परंपरा म्हणजे परंपरा, तिच्यात दोरी कसली घालता? हा आक्षेप घेणाऱ्याने इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला पुष्य अमावस्येला जाऊन यावं. तिथल्या नागोबाचं आणि मेसराम कुळातल्या गोंडांचं नातं किती जुनं आहे याचा हिशेब लावायला कुणी बसत नाही. जत्रेआधी ही मंडळी पायी गोदावरीवर जाऊन पाणी आणतात. जत्रेला लागणारी मडकी सिरिकोंड्याच्या कुंभाराकडून दर वर्षी नवी करून घेतात. पाणी नवं, मडकी नवी. इतकंच काय, देऊळही नवं आहे. मेसरामांनी आपसात पैसे जमवून दगडी मंदिर उभं केलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. 'हा नागोबा पूर्वीचा राहिला नाही' असं म्हणत एकही मेसराम माघारी फिरल्याचं ऐकिवात नाही. कारण वाट तीच आहे, मडकी कुणी घडवायची आणि पाणी कुणी वाहायचं हे ठरलेलं आहे. वस्तू बदलते, नेमणूक बदलत नाही. परंपरेचा हा हिशेब मृदंगाला लावला तर दोरी नायलॉनची असली तरी बिघडत नाही, ती कुणी आवळायची हे ठरलेलं असलं म्हणजे झालं.

या मुलखात मूळ कोणतं आणि नक्कल कोणती याची फारशी धास्तीही कुणी घेत नाही. आदिलाबाद निजामाच्या राज्यात होतं. १९५६ मध्ये प्रांतांची फेररचना झाली तेव्हा राजुरा, किनवट हे तालुके जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले, बाकीचा जिल्हा तेलुगू मुलखात राहिला, आणि आदिलाबादचं रेल्वे स्टेशन आजही नांदेड विभागाच्या अखत्यारीत आहे. जुन्या जिल्ह्याच्या आसिफाबादकडच्या कडेला, जिवती तालुका आणि केरामेरी मंडल यांच्यामध्ये, चौदा गावं अशी आहेत की ज्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथे दोन सरपंच, दोन शाळा, दोन रेशनकार्डं आणि मतदानालाही दोन संधी. मूळ राज्य कोणतं यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण गावकऱ्याने मूळ ठेवून पर्याय टाकलेला नाही आणि पर्याय घेऊन मूळही सोडलेलं नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने याहून शहाणं धोरण मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. तो घेणारा माणूस व्यवहारी असतो, त्याच्या खिशात पाना असतो. एवढी चर्चा कशाला, नटबोल्ट लावा आणि मोकळे व्हा, असं तो म्हणतो. त्याची बाजू कच्ची नाही. आपल्या पंचांगाने चर्मवाद्यांवर सूड उगवलेला आहे. आषाढी पावसात, श्रावणातली भजनं पावसात, गणपती पावसात. कातड्याला सगळ्यात नकोसा जो काळ, तोच त्याच्या ड्युटीचा. हवेत ओल आली की पुडी सैल पडते, मग हातोडीने गठ्ठे ठोका, गजऱ्यावर घाव घाला, तोवर अभंगाचं दुसरं कडवं संपलेलं असतं. नटबोल्टवाला दोन फेरे फिरवतो आणि सुरात येतो. पान बिघडलं की पाना, इतकं हे सोपं. आदिलाबादच्या हवेत तर त्याला आणखी जोर येतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि थंडीत तेलंगणातला नीचांक बहुधा याच जिल्ह्याच्या नावावर लागतो. लाकूड वर्षभर फुगतं आणि आकसतं.

तरीही बोल्टाची वकिली मी निम्मीच मान्य करतो. वादी ही एकच लांबलचक पट्टी असते, ती एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे सोळा घरांतून ये-जा करते. एका घरात ताण वाढला तर शेजारच्यांना त्याची झळ पोचते, थोडं सरकून, थोडं ओढून सगळी जुळवून घेतात. हे एकत्र कुटुंब आहे, कुरबुरीसकट. बोल्टांचं तसं नाही. आठ बोल्ट म्हणजे आठ मतं, प्रत्येकाला वेगळं भेटून समजवावं लागतं, आणि सातवं पटेपर्यंत पहिलं फिरलेलं असतं. शिवाय मृदंग गळ्यात अडकवून दिंडीत चालायचं असतं. लोखंडी कडी आणि बोल्ट यांचं वजन हरिपाठात जाणवत नाही, पण दिंडीत मानेला कळतं. त्यात मळसूत्राचा गोंधळ वेगळाच. अमेरिकेत बहुतेक कंपन्यांच्या सळ्यांचं मळसूत्र एकाच मापाचं, बारा-चोवीसचं, म्हणून एका ड्रमची सळी दुसऱ्याला चालते. आपल्याकडे मळसूत्र ज्या गल्लीत पडलं त्या गल्लीचं. एक नट हरवला की हार्डवेअरच्या दुकानात अर्धा किलो नट चाचपून पाहावे लागतात आणि शेवटी कुणीतरी ट्रॅक्टरचा आणतो. तो बसतो, हे कबूल केलं पाहिजे. पण मग तो मृदंग आणि तो ट्रॅक्टर यांची दुरुस्ती एकाच माणसाकडे जाते आणि त्याला ट्रॅक्टर जास्त आवडतो.

बोल्ट सगळे एका माळेचे नाहीत, हे मात्र व्यवहारी माणसाने ध्यानात घ्यावं. काही जोडण्यांत दोन्ही तोंडांवर कडी असतात आणि सळ्या एका कड्यातून दुसऱ्या कड्यात जातात, खोडाला त्यांचा स्पर्श झाला तर तो निसटता. अशी जोडणी उद्या उतरवून पुन्हा वादी ओवता येते. तिला माझी हरकत नाही. दुसऱ्या प्रकारात खोडातच भोकं पाडून पट्ट्या स्क्रूने आवळतात. आजोबांच्या वेळचं जे काय एकुलतं एक उरलं होतं, त्यालाच गिरमिट लावलं. लाकडाचं भोक भरून येत नाही आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथूनच भेग धावते. गंमत अशी, की तो शिकागोचा सोवळा संग्राहकही ड्रमवर एक जादा भोक दिसलं की नाक मुरडून किंमत उतरवतो. त्याचं कारण बाजारभावाचं, मृदंगवाल्याचं भेगेचं. पण दोघांचं एकमत कुठे होत असेल तर ते भोकापाशी.

आता मूळच्याबरहुकूम भागांकडे वळायचं तर त्यासाठी लागणारे कारागीर याच मुलखाने पोसले आहेत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या उशेगावसारख्या गावांत ओजारी समाजाची माणसं मेणाच्या साच्यातून पितळ ओततात. 'आदिलाबाद डोकरा' या नावाने त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मेणाचा आकार करायचा, त्यावर माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून जातं, त्या जागी पितळ येतं आणि शेवटी साचा फोडूनच वस्तू बाहेर काढायची. म्हणजे साचा एका वस्तूपुरता. अशा कारागिराकडून वाद्याचं कडं करून घेतलं तर ते जुन्यासारखं होईल, पण हुबेहूब कधीच होणार नाही, आणि त्यानेच पुढच्या वर्षी केलेलं दुसरं कडं पहिल्यासारखंही होणार नाही. हुबेहूब मागणाऱ्या संग्राहकाला इथे घाम फुटेल. गावाला फुटत नाही, कारण इथे नक्कल करण्याची सोयच नसल्याने जे होतं ते मूळच होतं.

संग्रहालयाचा मुद्दा लवकर उरकतो. तिथल्या वाद्याने वाजायचं नसतं, साक्ष द्यायची असते. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात मार्लवाईला राहून गोंडांवर अभ्यास केला आणि १९४८ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्या काळातला एखादा तुडुम, म्हणजे गोंडांचा ढोल, कपाटात असेल तर त्याची फाटकी वादी, वाकडा खिळा, सगळं तसंच राहू द्यावं. साक्षीदाराला नवे दात बसवू नयेत. पण तोच तुडुम दिवाळीत दंडारी नाचाच्या फेरीत निघायचा असेल तर त्याला गावाचा कायदा लागतो, कपाटाचा नाही. आणि सरकारने २०२१ मध्ये पद्मश्री दिली ती मार्लवाईच्या कनक राजू यांना, गुस्साडी नाच शिकवणाऱ्या माणसाला. मोरपिसांच्या टोपाला दिली नाही, हे सरकारच्या बाबतीत अपवादाने नोंदवण्यासारखं आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. पंचक्रोशीत मढवणारा माणूस शिल्लक हवा, असं मी वर सहज लिहून गेलो. हे लिहिणाऱ्याचं काय जातं? कातडं कमावणाऱ्याला आणि मढवणाऱ्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या पायरीपलीकडे उभं केलं आणि त्याने मढवलेला मृदंग तेवढा देवापुढे नेला. तेलंगणात डप्पू नावाच्या डफाचीही हीच कथा. ज्यांच्यावर तो वाजवण्याची सक्ती होती त्यांनीच पुढे तो अभिमानाने हातात घेतला आणि तेलंगणाच्या आंदोलनात तो सगळ्यात पुढे चालला. आज बकऱ्याच्या कातड्याच्या डप्पूशेजारी प्लास्टिकच्या पानाचा, लोखंडी कड्याचा डप्पू सर्रास दिसतो. त्याला जाळावर शेकावं लागत नाही, तो पावसात रुसत नाही, आणि कातड्याच्या वासाबरोबर येणारं हिणवणंही त्याच्याबरोबर येत नाही. त्याचं नुकसान एकच, शेकण्याच्या निमित्ताने मिळणारी बिडीची सुट्टी गेली. तेव्हा मढवणाऱ्याच्या मुलाने मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं तर 'कला लोप पावते आहे' म्हणून उसासे टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याला अधिकार आहे तो बिल भरण्याचा. सप्ताहाच्या पंगतीला बुंदी किती, यावर जेवढा खल होतो त्याच्या एक दशांशही पुडीच्या मजुरीवर होत नाही. मांडववाला, स्पीकरवाला, आचारी यांचे दर ठरलेले असतात. मृदंग मढवणाऱ्याला मात्र 'देवाचं काम आहे, जास्त घेऊ नका' असं सांगतात. देवाचंच काम असेल तर जास्त द्यायला हवं, हे त्याला सुचलं तरी तो बोलत नाही. मोटारसायकलचा प्लग बदलताना असं कुणी म्हणत नाही, म्हणून मुलगा तिकडे गेला. नटबोल्टाने मढवणाऱ्याला घालवलं, ही तक्रार अर्धवट आहे. त्याला आपल्या घासाघिशीने आधी घालवलं, मग रिकाम्या जागेवर बोल्ट येऊन बसला.

राहता राहिली कणीक. मृदंगाच्या डाव्या तोंडावर, धुम्यावर, वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात, म्हणजे कातडं जड होऊन सूर खाली उतरतो, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढतात. वाद्याचा हा एकच भाग असा की जो प्रत्येक खेपेला नवा असतो, तरी त्याच्या मूळपणाबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. वास्तविक तक्रारीला इथे जागा आहे. या मुलखाचं जुनं धान्य ज्वारी, घरोघर भाकरी तिचीच. गहू इथे पाहुणा. कट्टर मूळवाद्याने खरं तर धुम्यावर ज्वारीच्या पिठाचाच आग्रह धरायला हवा. त्याने एकदा धरून पाहावा. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, थापी वाळली की तडकते, आणि गजराच्या दणक्याला तिचे तुकडे उडून टाळकऱ्यांच्या अंगावर जातात. मग एकजण उठून देवळाशेजारच्या घरातून गव्हाचं पीठ मागून आणतो. ते बहुधा रेशनचं असतं, आणि सीमेवरच्या त्या चौदा गावांत असेल तर कोणत्या राज्याच्या कार्डावरचं, हे विचारून कुणी भजन थांबवत नाही.